उलट्या लवेचा पडदा

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली माणसं हलली. ती नुकतीच कामावरून आली होती आणि पायातल्या चपलाही न काढता सांगून मोकळी झाली होती, की कटिंगच्या टेबलावरून मला काढलं, उद्यापासून शिवणीचे सुटे धागे कापायला बसायचं. सासूबाईंनी गॅस बारीक केला. नवऱ्यानं तान्ह्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मोठी लेक, जिला घरात सगळे पिटुकली म्हणत, ती आळीपाळीनं एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"धागे कापायला?" नवरा म्हणाला. "ते तर नव्या पोरी करतात."

"हो ना. म्हणजे मी आता नवी झाले."

तिनं वाकून चपला काढल्या.

कारखाना पडद्यांचा होता. हॉटेलं, सभागृहं, नाट्यगृहं, जिथे जिथे मोठ्या खिडक्या आणि त्याहून मोठे रंगमंच, तिथले पडदे तिथे शिवले जात. लग्नाआधी ती धागे कापायलाच लागली होती. मास्तरांनी तिचा हात बघितला आणि टेबलावर घेतलं. मास्तर म्हणजे कटिंगचे मुख्य. गळ्यात कायम टेप, कानावर खडू. आधी हात फिरव, मग कात्री चालव, हे त्यांनी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं, की भाजी चिरायच्या आधीसुद्धा तिचा हात आपोआप भाजीवरून फिरे.

हात फिरवायचा तो मखमलीसाठी. साधं कापड असलं, की ताग्यातून ओढत टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, तिथे दुमडायचं, तसंच परत आणायचं. पट्ट्यावर पट्टा चढतो, काम झपाट्यानं होतं. मखमलीला ही चैन चालत नाही. तिला लव असते. एका दिशेनं हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत, आणि उजेडात एका बाजूनं गडद तर दुसऱ्या बाजूनं फिकी. म्हणून मखमलीचा प्रत्येक पट्टा कापून झाला, की रिकाम्या हातानं पहिल्या टोकाला परत यायचं आणि तिथूनच पुढचा सुरू करायचा. नुसत्या येरझाऱ्या. पाय दुखून येतात, पण इलाज नाही.

गेल्या आठवड्यात नाट्यगृहाचा पडदा टेबलावर होता, डाळिंबी मखमल. मालकाला घाई होती. अर्धे पट्टे तिनं कापले. दुपारी नेहमीप्रमाणे ती मागच्या दारानं घरी गेली. हे मागचं दार मास्तरांची मेहरबानी होती. कामाच्या वेळात बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा मालकाचा नियम. पण अंगावर पिणारी लेकरं असलेल्या तिघींना मास्तर दुपारी गुपचूप सोडत. ती, कड्या बसवणारी आणि इस्त्रीवाली. तिघींची घरं जवळच. लेकराला पाजायचं, तोंड पुसायचं, धावत परत यायचं.

ती परत आली तर पट्टे कापून झाले होते. मास्तर घाम पुसत होते. "शिलाईला पाठव," म्हणाले. तिनं पाठवले. मास्तरांच्या हातचं काम तपासायचं तिच्या मनातही आलं नाही.

पडदा टांगला, दिवे लागले, आणि नाट्यगृहाच्या माणसानं विचारलं, की पट्ट्यापट्ट्यांचा नमुना आम्ही कधी मागितला होता? एक पट्टा गडद, एक फिका. घाईत मास्तरांनी उरलेली मखमल साध्या कापडासारखी दुमडत नेली होती. मालक फोनवरचा फोटो नाचवत आला. हे कुणी केलं?

"टेबल हिच्याकडे होतं," मास्तर म्हणाले.

बस, एवढंच. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते गळ्यातल्या टेपवरचे आकडे बघत होते.

"आणि तू काय केलंस?" नवऱ्यानं विचारलं. "सांगायचं ना, की मी तेव्हा नव्हतेच म्हणून."

"नव्हते तर कुठे होते? कोणत्या दारानं गेले होते?"

नवरा म्हणाला, "मी उद्या येतो आणि मास्तरला दोन शब्द सुनावतो."

"तुझे दोन शब्द कधी दोनावर थांबलेत?" सासूबाई म्हणाल्या. "मागे शेजारच्यांना दोन शब्द सुनावलेस, अजून त्यांचा जिना आपल्याशी बोलत नाही."

"पण हा माणूस आपल्या चर्चच्या मंडळीचा वडील, कारभारी आहे, आई. प्रभुभोजनाला भाकरीची थाळी सगळ्यांपुढे धरतो."

तेच तर तिलाही खुपत होतं. परक्या माणसानं केलं असतं तर शिव्या घालून विसरता आलं असतं.

"मास्तरआजोबा खोटं बोलले?" पिटुकलीनं विचारलं.

"देव सगळं बघतो," तिनं लेकीला जवळ घेतलं. "तो न्याय करतो. आपण आपलं काम नीट करायचं."

बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी धाग्यांच्या बाकावर बसल्यावर कळलं. बाकावरच्या पोरी तिला पाहून सावरून बसल्या. एकीनं विचारलं, "ताई, तुम्ही आमच्यावर देखरेख करायला आलात?"

"नाही गं. तुम्ही माझ्यावर करा."

समोर तिचंच टेबल दिसत होतं. मास्तर त्यावर वाकलेले. दुपारी मागच्या दारानं बाहेर पडताना त्यांच्या शेजारूनच जावं लागे. ते मान वर करत नसत, पण दार उघडं ठेवत.

एकदा जाताना कडीवालीनं तिला गाठलं. "बये, तू मालकाशी बोलणार आहेस का?"

"अजून ठरलं नाही."

"ठरवायच्या आधी माझ्या पोराचं तोंड एकदा बघून ये. वरचं दूध त्याला पचत नाही."

"मला माहितीये."

"माहितीये म्हणूनच सांगते. तुला देवाची भीती आहे, मला मालकाची. तुझा देव जरा थांबेल. माझा मालक थांबायचा नाही."

ती बोलली नाही. कुणाशीच नाही, एका देवाला सोडून. आणि देवाशी मात्र इतकं बोलायला लागली, की भांडी घासताना, बाळाला झोपवताना, बादली भरेपर्यंत नळाखाली उभी असतानाही ओठ हलत. आधी ती प्रार्थना होती. मग हळूहळू तिचा नूर बदलला. प्रभू, मास्तरांच्या हातून मालकासमोरच काहीतरी चुकू दे. सगळ्यांसमक्ष चुकू दे. मालक मला बोलावू दे, आणि मास्तर दाराशी उभे असताना बोलावू दे. कोण कुठे उभं असेल, कुणाचा चेहरा कसा पडेल, इथपर्यंत तिनं देवाला आखून दिलं होतं.

"देवाशी बोलतेयस की त्याला कामं वाटून देतेयस?" सासूबाईंनी एकदा मागून विचारलं. त्यांचे कान तिखट होते.

"न्याय मागतेय."

"माग की. पण तो कसा करायचा हेही तूच सांगायला लागलीस, तर तो तुझा गडी झाला. देव कुठे राहिला?" त्यांनी तिच्या हातातलं ताट घेऊन पुसलं. "तुझ्या चुलतसासऱ्यांच्या बाबतीत मी वर्षानुवर्षं हेच केलं. गुडघ्यावर बसून. त्यांचं काही वाकडं झालं नाही. माझे गुडघे तेवढे गेले."

तिला हसू आलं आणि रडूही. त्या दिवसापासून तिनं बेत आखणं सोडून द्यायचा प्रयत्न केला. सवय एकदम सुटत नाही. तोंडात अर्धं वाक्य यायचं, ते गिळून ती पुढचा धागा कापायची. पडद्याच्या मागच्या बाजूला, शिवणीच्या आत, जिथे अस्तर येतं आणि पुन्हा कुणाची नजर जात नाही, तिथलेही धागे ती कापू लागली. टेबलावर होती तेव्हा तिला हे काम हलकं वाटे. आता वाटायला लागलं, की देवासाठी जगायचं म्हणजे काही मोठं करून दाखवायचं असेलच असं नाही. मन कडू असताना हात खोटा चालू द्यायचा नाही, एवढंही पुष्कळ आहे. एवढंही तिला सगळ्याच दिवशी जमत नव्हतं.

"ताई, मागची बाजू कोण बघतंय?" शेजारची पोर वैतागून म्हणाली. तिच्यामुळे सगळ्या बाकाला ते काम वाढलं होतं.

"मी ज्याच्यासाठी कापतेय, तो बघतो."

पोरीनं दचकून मालकाच्या खोलीकडे पाहिलं आणि पाठ ताठ केली.

त्यांच्या मंडळीत एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल, त्यानं त्याच्या दारात जायचं. चूक कुणाची हे बघायचं नाही. ज्याला टोचतं त्यानं उठायचं. एका वर्षी गटाराच्या पाण्यावरून भांडलेले दोन शेजारी एकाच वेळी निघाले आणि रस्त्याच्या मधोमध एकमेकांना भेटले. आता कुणी कुणाच्या दारात जायचं यावर तिथेच पुन्हा जुंपली. चर्चच्या पाळकसाहेबांना मध्ये पडावं लागलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती पिटुकलीचा हात धरून मास्तरांचा जिना चढली. नवऱ्याला बरोबर घेतलं नाही. त्याचे दोन शब्द अजून तयारच होते.

मास्तर घरी एकटे होते; मास्तरीणबाई लेकीकडे गेल्या होत्या. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून ते प्रभुभोजनाची थाळी घासत बसले होते. थाळी आणि पेले लखलखीत करून नेणं हे त्यांचंच काम असे.

"ये. बस." त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला.

"मास्तर, मी बसायला नाही आले." ती बसली. पिटुकली तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"उद्यासाठी आलीस."

"हो."

मास्तर घासत राहिले. थाळीत आधीच तोंड दिसत होतं.

"तुम्ही काय केलंत ते मला माहितीये," ती म्हणाली. "तुम्हालाही माहितीये. मी टेबल मागायला आलेले नाही. उद्या तुमच्या हातून भाकर घ्यायची आहे. दात आवळून घेतली तर ती घशाखाली उतरायची नाही. एवढंच सांगायला आले."

"टेबल तुझ्याकडेच होतं," मास्तर थाळीकडे बघत म्हणाले. "त्यात खोटं काय?"

"शब्द खरेच होते. लव उलटी होती."

त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, "मालकाला का नाही सांगितलंस?"

"मागच्या दारापायी."

"ते दार मी उघडलं होतं."

"म्हणूनच तर. बाळ झाल्यापासून त्या दाराबद्दल रोज तुमच्यासाठी प्रार्थना केलीय मी. आता त्याच तोंडानं तुमच्याबद्दल भलतंसलतं मागायला लागले होते. मलाच माझी लाज वाटली."

"मी हात फिरवला नाही," मास्तर म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते की थाळीशी, कळत नव्हतं. "एवढी वर्षं सगळ्यांना शिकवलं, आणि मीच हात फिरवला नाही. या वयात टेबलावरून उठवलं तर माणूस कुठे..." वाक्य तसंच राहिलं.

ती थांबली. आता म्हणतील, आता म्हणतील. मास्तरांनी उठून फळीवरचा डबा काढला आणि पिटुकलीला विचारलं, "गोळी खाणार?"

पिटुकलीनं आईकडे न बघता दोन घेतल्या.

जिना उतरताना गालात गोळी धरून ती म्हणाली, "ते सॉरी म्हणाले नाहीत."

"नाही."

"मग आपण कशाला गेलो?"

"आपल्या मनावरचं ओझं देवाकडे ठेवायला."

"मग देवाकडे जायचं. मास्तरआजोबांकडे कशाला?"

"वाटेत त्यांचं घर लागतं," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते पटलं.

रविवारी थाळी मास्तरांच्या हातात नव्हती. निवृत्त पोस्टमनकाकांनी ती धरली होती, आणि त्यांचा हात कापत असल्यानं पेले किणकिणत होते. मास्तर सगळ्यात मागच्या बाकावर होते. थाळी पुढे आली तेव्हा त्यांनी भाकर घेतली नाही, मान खाली घालून ती शेजारच्याकडे सरकवली. तिनं वळून पाहिलं आणि तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मग स्वतःच्या हातातला तुकडा दिसला आणि ती खजील झाली. प्रभू, मी काल ओझं ठेवलं आणि आज पुन्हा उचललं, तिनं मनात म्हटलं, आणि तुकडा तोंडात घातला. उतरायला वेळ लागला, पण उतरला.

सोमवारी मालकानं तिला खोलीत बोलावलं. मास्तर आधीच आत उभे होते.

"त्या दिवशी तू बोलली का नाहीस?" मालक म्हणाला. ती उत्तर जुळवत होती, तोवर तोच पुढे म्हणाला, "राहू दे. मास्तरांनी सगळं सांगितलंय. कापलं कुणी, तू कुठे होतीस, कुठल्या दारानं गेली होतीस. टेबल तुझं. मास्तर पॅकिंगला. आणि त्या दाराला आजपासून कुलूप."

तिला आधी फक्त 'टेबल तुझं' एवढंच ऐकू आलं. उरलेलं मागून पोचलं.

"साहेब, दार असू द्या. मी धाग्यांवरच बसते."

"हा काय भाजीबाजार आहे, घासाघीस करायला?"

"संध्याकाळी तेवढा वेळ जास्त थांबू आम्ही तिघी."

"आज तिघींना सोडलं की उद्या सगळ्या रांगेत उभ्या राहतील." त्याचा फोन वाजला. त्यानं हातानंच दोघांना जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि तिच्या हातात ठेवला. "दाराचा विचार मी केला होता, पोरी. रात्रभर केला. तू नव्हतीस म्हणायचं, तर कुठे होतीस हे सांगावंच लागत होतं. अर्धं खरं एकदा बोलून बघितलं होतं मी." ते जरा थांबले. "तुझा गुन्हेगार आहे मी. शनिवारी जीभ रेटली नाही."

"बरं केलंत, मास्तर," ती म्हणाली. ते तिच्या मनापासून होतं. तिनं वाकून त्यांच्या कानावरून गळून पडलेला खडू उचलला. मास्तर पॅकिंगच्या खोलीकडे चालू लागले, आणि त्यांच्या पाठीमागे उभी असलेली कडीवाली तिला दिसली.

"झालं समाधान?" कडीवाली म्हणाली. "केला तुझ्या देवानं न्याय?"

"मी असा मागितला नव्हता."

"मग मागतानाच नीट मागायचा होतास."

कडीवालीनं कड्यांचा डबा इतक्या जोरात ठेवला, की पलीकडच्या खोलीतली इस्त्रीवालीही बाहेर डोकावली. तिचे डोळे लाल होते.

दुपारची वेळ झाली तशी छाती ठणकायला लागली. मग ब्लाउज ओला झाला. तिनं रुमालाची घडी आत सारली आणि कापड पसरलं. नाट्यगृहाचा पडदा पुन्हा करायचा होता, तीच डाळिंबी मखमल. तिनं हात फिरवला, खडूनं बाण काढला, पट्टा कापला, रिकाम्या हातानं परत आली. पुन्हा कापला, पुन्हा परत आली. प्रत्येक फेरीत मागच्या दारावरचं नवं कुलूप दिसे. तिला देवावर रागवायचं नव्हतं. खरं बाहेर आलं होतं, एक म्हातारा माणूस मान वर करून चालायला मोकळा झाला होता, हे त्याचंच काम होतं, यात तिला शंका नव्हती. फक्त तिला एवढंच विचारावंसं वाटत होतं, की प्रभू, तुझं अजून संपलेलं नाहीये ना? कसं कर ते ती बोलली नाही. उद्या पुन्हा मालकाच्या दारात उभं राहायचं, तिघींनी मिळून, एवढं तिनं आपल्यापुरतं ठरवलं.

घर यायच्या आधीच बाळाचा आवाज आला. रडून रडून घसा बसला होता. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन वाटी-चमचा पुढे करत होत्या आणि तो मान फिरवत होता; अर्धं दूध त्यांच्या पदरावर सांडलं होतं.

"दुपारपासून हेच चाललंय," त्या म्हणाल्या. "चमच्याला शिवत नाही. काय झालं, आली का नाहीस?"

तिनं चपला काढल्या, हात धुतले, बाळाला घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. तो इतका हावरटासारखा प्यायला लागला, की मध्येच ठसका लागला. पाठीवर थोपटत तिनं थोडक्यात सगळं सांगितलं. टेबल, पॅकिंग, कुलूप.

सासूबाईंनी हात जोडले. "प्रभूनं न्याय केला बाई. दाराचं बघू. काढेल तो वाट."

"हो," ती म्हणाली.

पिटुकली जवळ येऊन बसली होती. ती बाळाची मूठ उघडून त्यात आपलं बोट घालत होती, तो हुंदका देऊन पुन्हा प्यायला लागे तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम फ्रॉकनं टिपत होती.

"आई, तुला टेबल मिळालं?"

"मिळालं."

"देवानं दिलं?"

"हो, राणी."

पिटुकलीनं बाळाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग न्याय करायच्या आधी देवानं बाळाला विचारलं नव्हतं का?"